कोरडेपणाचा व्यासंग

'गॅरेज' या शब्दाने आमची गावाकडे बरीच अब्रू घेतली आहे. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे एक पोरगा गाडीखाली आडवा पडलेला असतो, तेलकट फडक्याला हात पुसत मालक 'उद्या या' म्हणत असतो आणि तो 'उद्या' पुढच्या महिन्यात उजाडतो, ती जागा. त्यामुळे बफेलोला घर घेतल्यावर मी फोनवर 'सुट्टीच्या दिवशी मी गॅरेजमध्येच असतो' असे सहज बोलून गेलो, तेव्हा रत्नागिरीत निराळीच बातमी पसरली. एवढा इंजिनिअर झालेला मुलगा अमेरिकेत जाऊन गॅरेजात लागला! आमच्या एका मामांनी तर हलक्या आवाजात विचारले, "स्वतःचं आहे की पगारावर?"

वास्तविक अमेरिकन घराला गॅरेज असते ते कोकणातल्या घराला पडवी असते तसे. बांधताना उद्देश एक असतो आणि पुढे तिथे राहायला भलतेच येतात. गॅरेज गाडीसाठी म्हणून बांधतात आणि मग तिथे जुना फ्रीज, मुलांच्या सायकली, गवत कापायचे यंत्र आणि 'कधीतरी लागेल' या सदरातल्या सगळ्या वस्तू मुक्कामाला येतात. आमच्या गॅरेजची वाटणी झाली आहे. डावी बाजू गाडीची, उजवी माझी. माझ्या बाजूला सुतारकामाचे टेबल, ओतीव लोखंडाच्या माथ्याची एक विजेची करवत आणि एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत दादांची हत्यारे आहेत: सागवानी रंधा, तीन पटाश्या, वाकस, गिरमिट आणि गुण्या.

दादा, म्हणजे माझे वडील, पेशाने शाळामास्तर. पण त्यांचा खरा जीव लाकडात. आमच्या घरातले पाट, चौरंग, देव्हारा, शेजाऱ्यांच्या पाटांच्या बदललेल्या पट्ट्या, सारे त्यांच्या हातचे. माझ्या लग्नाचे पाटही त्यांनी याच रंध्याने तासले होते. ते गेल्यावर भावाने घर ठेवले आणि मी पेटी उचलली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने वाकस हातात घेऊन माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी अजून विसरलो नाही.

आता कन्येचे लग्न ठरले, पुढच्या मे महिन्यात, इथेच. हॉलवाल्याने खुर्च्या, फुले, घोडा, सगळे देऊ केले. पाट मात्र त्याच्या यादीत नव्हते. कन्या म्हणाली, "बाबा, आजोबांच्या रंध्यानं तुम्हीच करा ना." झाले! लग्न मे महिन्यात म्हणजे पाट हिवाळ्यात होणार, आणि हिवाळा बफेलोचा.

बफेलोत वर्षाला सरासरी आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. ही सरासरी झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत काही ठिकाणी चार-पाच दिवसांत पाच फुटांहून अधिक पडला, आणि त्याच वेळी उत्तरेकडे लोक जेमतेम पावलं बुडतील एवढ्या बर्फातून फिरत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या भागांत सहा फुटांच्या वर गेला. याला कारण आमचे एरी सरोवर. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचे पाणी अजून कोमट असते. वरून कोरडे, कडक थंड वारे येतात, सरोवरावरून जाताना पोटभर बाफ पिऊन घेतात आणि किनाऱ्याला लागल्याबरोबर ती आमच्या अंगणात ओकतात. सरोवर गोठले की हा कारभार आटोक्यात येतो. गोठेपर्यंत मात्र आम्ही फावडी घेऊन उभे.

एवढा बर्फ म्हटल्यावर कोणालाही वाटते की हत्यारांना गंज चढतो तो बर्फामुळे. पण मंडळी, बर्फ बिचारा कोरडा आहे. जोवर तो बर्फ आहे तोवर त्याच्याइतका निरुपद्रवी प्राणी नाही. कडाक्याच्या थंडीतली हवाही तशीच. वीस अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सतरा ग्रॅम बाफ मावते. शून्य अंशाला पाच ग्रॅमही मावत नाही आणि उणे दहाला अडीच ग्रॅमच्या आतच कारभार आटोपतो. थंड हवा म्हणजे एकादशीचे पोट. तिच्यात काही नसते आणि तिला काही चालतही नाही.

मग लोखंड भिजते कशाने? उन्हाळ्यात माठातले पाणी पितळी तांब्यात काढून ठेवले की तांब्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. आजूबाजूच्या उबदार हवेतली बाफ थंड पितळेवर येऊन बसलेली असते. माझ्या करवतीचा लोखंडी माथा म्हणजे चांगला मणभर वजनाचा असाच तांब्या. रात्रभर तो गारठतो, आणि गारठलेले ओतीव लोखंड लवकर तापत नाही. जरा कुठून उबदार, ओलसर हवा आली की तिच्यातली बाफ करवतीच्या माथ्यावर बसलीच. आणि हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या पुढे गेला की गंजाला चांगलाच उत्साह येतो.

ही उबदार, ओलसर हवा शोधायला लांब जावे लागत नाही. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार आहे. दाराच्या अलीकडे माझी करवत, पलीकडे सौ.चा कुकर. तीन शिट्ट्या झाल्या की सौ. दार उघडून "जेवायला चला" म्हणते, आणि तिच्याबरोबर वरणभाताची बाफ आत शिरते. एरी सरोवर बफेलोचे जे करते तेच आमचे स्वयंपाकघर गॅरेजचे करते. हे मी तिला सरोवराच्या नकाशासकट समजावून सांगितले.

"म्हणजे मी सरोवर?" ती म्हणाली.

"तसं नव्हे गं. कुकर सरोवर."

"मग उद्यापासून कुकर तुम्हीच लावा आणि दारही तुम्हीच उघडा."

तेव्हापासून आमच्याकडे जेवायला बोलावताना दार उघडत नाहीत, भिंतीवर थाप मारतात. दाराच्या चौकटीला मी रबरी पट्टीही बसवली. कन्येचे म्हणणे असे, की बाबांना जेवायला बोलवायचे म्हणजे कोठडीतल्या कैद्याला निरोप देण्यासारखे आहे.

घरातला दुसरा पाणक्या म्हणजे खुद्द गाडी. ताजा भुसभुशीत बर्फ साधारण दहा इंच वितळला की इंचभर पाणी होते. गाडीचा टप, बॉनेट आणि डिकी मिळून चार चौरस मीटर धरा. वर चार इंच बर्फ असला तर चाळीस लिटर पाणी झाले. म्हणजे दोन बादल्या आणि वर एक कळशी! रोज संध्याकाळी आपण ऐटीत बटण दाबतो, दार वर जाते आणि गाडी चाळीस लिटर पाणी आत आणून शांतपणे झोपते. एवढे पाणी बाहेरून कोणी आणून आपल्या खोलीत ओतले असते तर आपण पोलिसांना बोलावले असते.

त्यातून ते पाणी खारट. इथे रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. मिठाचा स्वभाव कोकणातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, ते हवेतून ओढून घेतलेले असते. गॅरेजच्या जमिनीवर सांडलेले मीठही तसेच हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि खारट ओल लोखंडाला साध्या ओलीपेक्षा फार लवकर खाते. गाडीखाली कडा उचललेली एक मोठी रबरी चटई मी अंथरली आहे. पाणी तिच्यात साचते, रात्री लांब दांड्याच्या रबरी खराट्याने बाहेर ढकलायचे. शिवाय गाडी आत घेण्याआधी अंगणात तिच्यावरचा बर्फ झाडायचा, हा नियम. पाहुण्यांनाही तो लागू आहे. आमच्याकडे येणारे मराठी मित्र आता बूट काढायच्या आधी गाडी झाडतात. एकाने विचारले, "सोवळं नेसून येऊ का?"

तिसरा संशयित जमीन. काँक्रीटची लादी दिसायला दगड, पण पोटातून ओल वर येऊ देते. ती तशी येते की नाही हे पाहायला सोपी युक्ती आहे. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा जाड कागद जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि एक दिवस तसाच राहू द्यायचा. उचलल्यावर खालची बाजू ओली निघाली तर पाणी जमिनीतून येते आहे. वरची ओली असेल तर हवेतून. आमची वरची ओली निघाली. जमीन निर्दोष सुटली. तरीसुद्धा लाकडे आणि पेटी मी फळ्यांच्या घडवंचीवर चढवून ठेवली, कारण निर्दोष सुटलेल्यांवरही नजर ठेवावी असे दादा म्हणत. ते अर्थात शाळेतल्या पोरांबद्दल म्हणत.

एवढे झाल्यावर कोणीही विचारील, मग सरळ शेगडी का नाही लावत? दुकानातल्या विक्रेत्यानेही तेच विचारले आणि तोफेच्या आकाराचा, प्रोपेनवर चालणारा एक हीटर दाखवला. "पंधरा मिनिटांत उन्हाळा!" असे तो म्हणाला. खरे आहे, पण कोणता उन्हाळा? एक किलो प्रोपेन जळला की साधारण एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होते. धुराडे नसलेल्या हीटरातून ते सगळे बाफ होऊन खोलीत येते आणि थंड करवत त्याची वाटच पाहत असते. वर बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइडची भीती ती निराळीच. विक्रेत्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही घेणार आहात की शिकवणार आहात?" मास्तरांचा मुलगा असल्याचा परिणाम, दुसरे काय! मी भिंतीवर लावायचा साधा विजेचा हीटर आणला. तो पाणी करत नाही आणि पंधरा मिनिटांत उन्हाळाही करत नाही. रात्रंदिवस सात-आठ अंशांवर गॅरेज धरून ठेवतो. लोखंडाला ऊब फार लागत नाही, सारखेपणा लागतो. सकाळी तापवायचे आणि रात्री गारठवायचे, ही गंजाला दिलेली आमंत्रणपत्रिका.

हवा सुकवायचे यंत्र मिळते, तेही पाहिले. त्यातली नेहमीची जात फ्रिजसारखी थंड नळीवर पाणी जमवते. आधीच गारठलेल्या खोलीत त्या नळीवरच बर्फ धरतो आणि यंत्र स्वतःच आजारी पडते. थंडीसाठी ओल शोषून घेणाऱ्या पदार्थाचे निराळे यंत्र असते. ते मी ठेवले आहे, आणि शेजारी एक दमटपणा मोजायचे घड्याळ. पहिले पंधरा दिवस मी ते दर तासाला पाही. सौ. म्हणाली, "कन्येला ताप आला होता तेव्हा एवढ्या वेळा थर्मामीटर लावला नव्हतात."

कापराची गोष्ट मात्र शेजारच्या आजोबांची. पंचाहत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ तरुणपणी लॅकावानाच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. १९८३ साली तिथले पोलाद करणे थांबले. आजोबांचे लोखंडाशी बोलणे थांबले नाही. एकदा ते माझी पेटी पाहायला आले. रंध्याचे पाते त्यांनी नखाने चाचपले, दिव्यापुढे धरले आणि विचारले, "कोणाचं?" मी म्हणालो, "वडिलांचं." त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक डबी घेऊन आले. आत पांढऱ्या वड्या. म्हणाले, "कप्प्यात एकेक टाकून ठेव. आमचे जुने यंत्रकार हेच करायचे. हिची बाफ लोखंडावर बसते, गंज लांब राहतो. याला काय म्हणतात सांगू—"

सांगायची गरज नव्हती. वासानेच मला आमच्या देवघरात नेऊन उभे केले. मी आत गेलो आणि देव्हाऱ्याच्या खणातून कापराचा अख्खा पुडा आणून त्यांच्या हातात दिला. आजोबा थक्क! "तुमच्याकडे एवढी हत्यारं आहेत?" मी म्हणालो, "नाही, एवढे देव आहेत." आता त्यांचा कापूर भारतीय वाणसामानाच्या दुकानातून मी आणतो. माझी पेटी उघडली की आरती नुकतीच आटोपल्यासारखा वास येतो आणि सौ.चा हात सवयीने जोडला जातो. पुढे पटाश्या दिसल्या की ती सोडते. विजेच्या करवतीजवळ किंवा ठिणग्या उडतील तिथे मात्र कापूर ठेवायचा नाही. तो आरतीत किती चटकन पेटतो हे आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहे.

दादांचा उपाय निराळा होता. रत्नागिरीत पावसाळ्यात शंभर इंचांच्या वर पाऊस. दर रविवारी ते पेटी उघडत, एकेक हत्यार पुसत, खोबरेल तेलाचा हात फिरवत आणि पाती चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवत. इथे खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजते. गॅरेजात ठेवलेली बाटली म्हणजे संगमरवराचा खांब. ते लावायचे तर आधी पटाशीनेच खरवडून काढावे लागेल. म्हणून तेलाच्या जागी मी मेण घेतले. करवतीच्या माथ्यावर मेणाचा पातळ हात देऊन फडक्याने घासायचे. ओल लोखंडाला लागत नाही आणि लाकूडही वरून अलगद सरकते. पण रविवार तोच ठेवला आहे. यंत्र, घड्याळ, हीटर, कापूर सगळे असले तरी हत्यार हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याची खबर लागत नाही. गंज आधी कोपऱ्यात येतो, जिथे घड्याळ नसते.

आता खरा बाका प्रसंग सांगतो. तो बर्फाचा नव्हेच. जानेवारीत मध्येच दोन-चार दिवस हवा फिरते. दक्षिणेकडून उबदार, दमट वारे येतात, बर्फ वितळू लागतो, पागोळ्या गळतात. सबंध आळी आनंदाने वेडी होते. लोक अर्ध्या बाह्यांत अंगणात येतात, गॅरेजची दारे सताड उघडतात, कोणी मांस भाजायला बसतो. नेमके याच दिवशी गॅरेजचे दार घट्ट लावायचे असते! आतले लोखंड आणि जमीन अजून थंडीत आहेत आणि बाहेर सगळी बाफच बाफ. दार उघडले की पाच मिनिटांत करवत घामाघूम. उलट उणे दहाच्या दिवशी, स्वच्छ ऊन असताना, दार दहा मिनिटे उघडून द्यावे. आतली दमट हवा बाहेर जाते, एकादशीच्या पोटाची हवा आत येते आणि आत येऊन थोडी तापली की वाळवंटासारखी कोरडी होते.

परिणामी आळीत माझ्याबद्दल एक मत तयार झाले आहे. सगळे शेकोटीला चिकटलेले असतात तेव्हा हा गृहस्थ दार उघडून उभा असतो, आणि सगळे बाहेर येतात तेव्हा कडी लावून आत बसतो. समोरच्या बाईंनी सौ.ला फार काळजीने विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?" सौ.ने उत्तर दिले, "त्यांच्या मुलीचं लग्न आहे." त्यावर त्या बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. मुलीच्या लग्नात बापाचे असे होते, हे बफेलोतही माहीत आहे.

पाट मार्चमध्ये झाले. काळ्या अक्रोडाचे. फळ्या आधी तीन आठवडे घरात, बैठकीच्या खोलीत उभ्या ठेवल्या होत्या, कारण लाकूड ओल पिऊन आडवे फुगते आणि वाळले की आकसते. हिवाळ्यात तापवलेल्या घराची हवा फार कोरडी, तिथे फळ्यांनी आपले काय ते आकसून घ्यावे आणि मग अंगाला रंधा लावून घ्यावा. शेवटचा हात दादांच्या रंध्याने दिला. पात्याच्या एका कोपऱ्यावर काळसर डाग आहे. तो रत्नागिरीच्या कुठल्यातरी जुलैतला, मी शाळेत असल्यापासूनचा. त्याच्या शेजारी बफेलोचा एकही डाग नाही. लाकडाची सालपटे निघत होती तशी कन्या एकेक उचलून बोटाला गुंडाळून पाहत होती. लहानपणी मीही तेच करत असे आणि दादा रागावत. मी रागावलो नाही, एवढाच फरक.

लग्न झाले. पाटांवर उभे राहून दोघांनी एकमेकांना हार घातले. शेजारचे आजोबा पहिल्या रांगेत होते. अक्षतांचा मारा चुकवत त्यांनी वाकून वधूवरांच्या पायांखालचे सांधे तेवढे पाहिले आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

जुलैत भावाचा फोन आला. "आठ दिवस ऊन नाही रे. माझ्या कोयत्याला आणि पक्कडीला गंज धरलाय. चूल आता आहे कुठे, गॅस आला. माळाही काढून टाकला. काय करू?"

मी म्हणालो, "देवघरातला कापूर घे आणि हत्यारांच्या डब्यात टाक."

पलीकडे जरा शांतता. मग वहिनींना सांगितलेले अगदी स्पष्ट ऐकू आले: "अगं, तो म्हणतोय, पक्कडीची आरती करा!"